एका छत्रीचं अंतर

किस्से साठवावे लागत नाहीत, साठतात. भाईंदरला राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडच्या मिठागरांत खाडीचं पाणी आत घ्यायचे आणि नुसतं सोडून द्यायचे. बाकीचं काम ऊन करायचं. काही दिवसांनी जाऊन बघावं तर मीठ! आमच्या मंडळाचंही तसंच झालं. आम्ही नाटकं करत होतो, निदान आमची तशी समजूत होती. मागे उरलं ते हे.

मी रिटायर झालो तेव्हा ऑफिसने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते वर्षभरात बंद पडलं. मंडळाने मला साधा नारळसुद्धा दिला नाही. पण संध्याकाळी चार मित्र जमले, चहा झाला आणि कुणी म्हणालं, "भाऊ, ते माईंचं होऊन जाऊ दे," की जे सुरू होतं ते अजून बंद पडलेलं नाही. तेव्हा पुन्हा सांगतो. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी मध्येच शेवट फोडू नये, एवढीच विनंती.

*

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिरगाव, परळ, दादर इथल्या एकेका खोलीतून उठून आम्ही भाईंदर पूर्वेला वन-रूम-किचनचे मालक झालो होतो. इथे हवा होती, उजेड होता, डास होते. नाटक तेवढं नव्हतं.

"जवळपास नाटक होत नाही ना? मग आपणच करू. लोकांना लांब जायला नको," असं बापू दळवी म्हणाला. लोकांनी तशी काही मागणी केली नव्हती, पण बापू मागणीची वाट बघणाऱ्यांतला नव्हता.

बापू एका औषध कंपनीत पॅकिंग खात्याचा सुपरवायझर. त्यामुळे तो आमचा दिग्दर्शक झाला. माणसं कुठे ठेवायची, किती दाटीने ठेवायची, कुठली बाजू वर ठेवायची हे त्याला आपोआप कळायचं. "कोयंडे, कोपऱ्यात नीट बसा, हलू नका, फुटाल!" ही त्याची दिग्दर्शनाची भाषा.

कोयंडे विमा कंपनीत होता. त्याच्याकडे स्वतःचा सूट होता, म्हणून तो नायक. आणि मी प्रॉम्प्टर. सरकारी कारकून असल्यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडी घालण्यात माझा उभा जन्म गेला होता. विंगेत उभं राहून तेच करायचं, फक्त इथे सही नव्हती.

राहिली नायिका. हौशी नाटकात नट शोधावा लागत नाही, तो घरी येऊन बसतो. नटी मात्र कुठेच मिळत नाही. बापूचा ओळखीच्या सगळ्या घरांत चहा पिऊन झाला. शेवटी आमच्याच शेजारच्या बिल्डिंगमधली सुधा पेठे "करीन" म्हणाली. टेलिफोन ऑपरेटर होती. आवाज असा की राँग नंबर लागलेला माणूससुद्धा फोन ठेवायचा नाही.

"माझी तयारी आहे. पण माईंना विचारा," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "माझी काहीच हरकत नाही. माईंना विचारा."

*

माई म्हणजे सुधाची सासू. उंची बेताची, आवाज बेताचा, दरारा बिल्डिंगभर. दूधवाल्याने एकदा दुधात पाणी घातलं, तेव्हा माई फक्त म्हणाल्या, "उद्यापासून नको." तो माणूस पुढे वर्षभर दारात येऊन माफी मागत होता. माईंचा शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून नको म्हणजे नको.

आम्ही तिघे पेढे घेऊन गेलो. बापूने कोयंडेला सूट घालून आणलं होतं. बसलो तर अगदी मुलगी बघायला आल्यासारखे. फरक एवढाच की पोहे मिळाले नाहीत.

"नाटकात ती कोण?" माईंनी विचारलं.

"बायको," बापू म्हणाला.

"कुणाची?"

बापूने कोयंडेकडे बोट दाखवलं. माईंनी कोयंडेला वरपासून खालपर्यंत बघितलं. मंडईत वांगं उलटून देठाकडून बघतात तसं. मग बापूला म्हणाल्या,

"दुसरा कुणी नाही?"

कोयंडेने त्या दिवशी एकही पेढा खाल्ला नाही.

शेवटी परवानगी मिळाली, दोन अटींवर. एक, प्रत्येक तालमीला आणि प्रत्येक प्रयोगाला माई समोर बसणार. दोन, सुनेला कुणी हात लावायचा नाही. किती लांब राहायचं याबद्दल वाद नको म्हणून माईंनी दारामागची छत्री काढली. लांब दांड्याची, काळी, लाकडी मुठीची. त्यांच्या यजमानांची होती. "एवढं अंतर. ज्या दिवशी बोट लागेल, त्या दिवसापासून नाटक बंद."

जिना उतरताना बापू मला म्हणाला, "भाऊ, नाटक तर नवराबायकोच्या प्रेमाचं आहे!"

कोयंडे म्हणाला, "माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली. एवढं अंतर असतंच."

*

तालमी गोडदेवच्या एका शाळेत चालायच्या. बाक पहिलीच्या पोरांचे. त्यावर बसलं की गुडघे कानाला लागायचे. माई मात्र घरून घडीची खुर्ची आणायच्या. शाळेच्या खुर्च्यांत ढेकूण असतात, असं त्यांचं मत होतं, आणि ते ढेकणांनीही खोडून काढलेलं नव्हतं.

पहिल्या रांगेत खुर्ची, मांडीवर आडवी छत्री. कोयंडे भावनेच्या भरात पाऊलभर पुढे सरकला की छत्रीचं टोक फरशीवर वाजायचं. टक्! कोयंडे जागच्या जागी थांबायचा, पण वाक्य थांबवायचा नाही. "तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही" हे वाक्य तो मागे सरकत सरकत म्हणायला शिकला. जगात फार थोड्या नटांना हे जमत असेल.

महिनाभराने कोयंडेची बायको बापूला भेटली. म्हणाली, "अहो बापू, हे घरी पण तसेच उभे राहतात हो! भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला दारापर्यंत मागे गेले काल."

सुधाताई ऑफिसमधून परस्पर तालमीला यायची. तालीम संपली की घरी जाऊन स्वयंपाक. मी एकदा म्हटलं, "ताई, एवढी दगदग कशाला? वर्षातून दोन प्रयोग, टाळ्या त्याही सोसायटीच्या."

ती वेणी घट्ट करत म्हणाली, "भाऊ, ऑफिसात मी ऑपरेटर. घरी वहिनी, आई, सूनबाई. माझं नाव घेऊन कुणी हाक मारून किती दिवस झाले ते आठवत नाही. इथे निदान दर वर्षी नवीन नाव मिळतं." मग समोर बघून हळूच म्हणाली, "तेवढी छत्री सांभाळा म्हणजे झालं."

*

पहिलंच नाटक आम्ही जिल्ह्याच्या एका स्पर्धेत नेलं. परीक्षक दाढीवाले होते, म्हणजे विचार करणारे. प्रयोगानंतर ते विंगेत आले. बापूचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"काय विचार केलाय तुम्ही! संपूर्ण नाटकभर पतिपत्नी एकमेकांना स्पर्श करत नाहीत! मध्यमवर्गीय संसारातला दुरावा नुसत्या अंतरातून दाखवलात. आणि ते अंतर कुठेही कमी नाही, जास्त नाही. कसं साधलंत?"

बापू खाली मान घालून म्हणाला, "त्यावर आम्ही खूप मेहनत घेतली."

दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं. घरी येताना माई आमच्याच रिक्षात होत्या. बिल्डिंगच्या गेटपाशी उतरल्या, छत्री बापूसमोर धरली आणि म्हणाल्या,

"हिच्यापुढे नारळ फोडा उद्या."

बापूने फोडला!

*

त्या दिवसांत भाईंदर पूर्वेला पाणी केव्हा येईल हे पाणी सोडणाऱ्यालाही माहीत नसायचं. आलं की आलं. मग हातातलं टाकून धावायचं. माणूस जेवता जेवता उठायचा, पूजेवरून उठायचा, आणि त्याला देवसुद्धा रागवायचा नाही.

गणपतीत आमच्याच सोसायटीच्या आवारात प्रयोग होता. दुसरा अंक रंगात आलेला. सुधाताईचं मोठं भाषण सुरू होतं, बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं,

"पाणी आलं!"

डोळ्यांचे पदर कमरेला गेले. अर्ध्या मिनिटात समोर रिकाम्या खुर्च्या, चार म्हातारे आणि एक झोपलेलं मूल. कोयंडेची बायको उठताना स्टेजकडे बघून "तुम्ही चालू ठेवा!" असंही म्हणून गेली.

माई मात्र बसल्या होत्या. पेठ्यांच्या घरी पाणी भरायचं काम सुधाताईचं, आणि सुधाताई स्टेजवर. ती भाषण म्हणत होती, पण डोळे माईंकडे. मी विंगेतून बघतोय, तिचा आवाज हळूहळू बसत चाललाय. पुढचं वाक्य मी दोनदा सांगितलं, तिला ऐकूच आलं नाही. घरात पाणी नाही म्हणजे उद्याचं काय, हे प्रॉम्प्टर सांगू शकत नाही.

माई उठल्या. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. त्यांनी पदर खोचला आणि स्टेजकडे बघून म्हणाल्या,

"तू बोल गं. मी भरते."

आणि गेल्या. सुधाताईने ते भाषण त्या चार म्हाताऱ्यांपुढे असं म्हटलं की झोपलेलं मूल उठून बसलं.

कोयंडेला पहिल्यांदाच मोकळं रान मिळालं होतं. समोर माई नाहीत. पण तो एक पाऊलही पुढे सरकला नाही. मी नंतर विचारलं, "का रे?"

"भाऊ," तो म्हणाला, "छत्री खुर्चीवर ठेवून गेल्या होत्या!"

*

आमचा खलनायक, इन्स्पेक्टर, डॉक्टर आणि गरज पडल्यास पोस्टमन आग्नेल. उत्तनचा. घरची मासेमारी, स्वतःचा टेम्पो. आमचा सेट त्याच्याच टेम्पोतून जायचा. त्यामुळे आमच्या सगळ्या नाटकांतल्या दिवाणखान्यांना थोडा सुरमईचा वास असायचा.

त्याच्या गावातल्या सणाला त्याने आमचा प्रयोग ठेवला. चर्चजवळच्या मैदानात फळ्या टाकून स्टेज. सगळं गाव समोर. पहिल्या रांगेत माई, घडीची खुर्ची, छत्री. त्यांच्या शेजारी जमिनीवर एक कोळीण म्हातारी, आग्नेलची आजी, पाय पसरून.

पहिला अंक म्हातारीने शांतपणे बघितला. दुसऱ्या अंकात तिला राहवेना. कोयंडे खिडकीशी, सुधाताई दाराशी, दोघं संसाराबद्दल बोलताहेत. म्हातारी मोठ्याने म्हणाली,

"ह्यो मानूस बायकोच्या जवल का जात न्हाय? तिला काय रोग हाय?"

सगळं मैदान हसलं. आग्नेल इन्स्पेक्टरच्या ड्रेसमध्ये विंगेतून डोकं काढून म्हणाला, "आजी, गप बस गो!"

"का गप? ए बाय," म्हातारीने थेट सुधाताईला हाक मारली, "तू चल माज्या घरी. ह्याला बायको नको, खांब पायजे!"

मग तिला कुणीतरी सांगितलं असावं की शेजारी बसल्यात त्या नायिकेच्या सासूबाई, आणि हे सगळं त्यांचंच काम आहे. म्हातारी माईंकडे वळली. "अगो, मंग जाऊ दे की त्याला जवल. खेल हाय तो!"

माई समोर बघतच म्हणाल्या, "खेळ आहे म्हणूनच."

म्हातारीने कपाळावर हात मारला. पण दोघी शेवटपर्यंत शेजारी बसल्या होत्या, आणि तिसऱ्या अंकात म्हातारीच्या कनवटीचं पान माईंच्या तोंडात होतं, हे मी स्वतः बघितलंय.

निघताना गावाने प्रत्येकाच्या हातात सुक्या बोंबलांची एकेक पिशवी दिली. माई कांदासुद्धा न खाणाऱ्या. आता काय करतात म्हणून आम्ही बघतोय. म्हातारीने स्वतःच्या हाताने दिलेली पिशवी, नाही कसं म्हणणार? माईंनी ती घेतली, नमस्कार केला, छत्रीच्या टोकाला अडकवली आणि छत्री पुढे धरून टेम्पोपर्यंत चालत गेल्या.

नाकापासून अंतर बरोबर एक छत्री!

*

सेटवरचं फर्निचर मगनभाई द्यायचा. स्टेशनजवळ त्याचं दुकान. भाडं घ्यायचा नाही. त्याच्या अटीही दोनच. नाटकाआधी दुकानाचं नाव घ्यायचं, आणि गिऱ्हाईक आलं तर माल तिथून उचलायचा. आमच्या आयुष्यात अटी घालणारी माणसं नसती तर आमचं मंडळ कधीच बंद पडलं असतं, असं मला आता वाटतं.

एका रहस्यनाटकात इन्स्पेक्टर कपाटात लपलेला असतो. इंटरव्हल संपत आला म्हणून आग्नेल आधीच आत जाऊन उभा. तेवढ्यात मगनभाई एका जोडप्याला घेऊन थेट स्टेजवर! पडदा पाडलेला होता, एवढंच नशीब.

"दरवाजा खोल के देखो शेठ, सागवान छे," मगनभाई म्हणाला.

शेठने दार उघडलं. आत खाकी कपड्यांत, पिस्तूल रोखलेला आग्नेल. शेठची बायको किंचाळली. शेठ दोन पावलं मागे. आग्नेलने सरळ सलाम ठोकला.

मगनभाई मात्र डगमगला नाही. कपाटावर थाप मारून म्हणाला,

"जुओ शेठ, कितना जगा है! पूरा पोलीस अंदर समाता है!"

कपाट विकलं गेलं. तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर पडद्यामागे लपला. त्याचे बूट शेवटपर्यंत दिसत होते, आणि पहिल्या रांगेतली पोरं खुन्याला ओरडून सांगत होती, "अंकल, उधर पोलीस है!"

*

आता शेवटचा. चहा संपवून घ्या.

नव्वदनंतरची दोनतीन वर्षं उलटली होती. बापूने सुधाताईला डोळ्यासमोर ठेवून एक नाटक निवडलं. सगळं तिच्यावर. तिसऱ्या अंकात नवऱ्याचा अपराध उघडकीला येतो, ती ऐकते, एकेक पाऊल मागे जाते आणि सोफ्यावर कोसळते. बापूने ती जागा महिनाभर घोटून घेतली होती. "सुधाताई, मागे वळून बघायचं नाही! बाईचं आयुष्य कोसळतंय, ती सोफा शोधत बसेल का? डोळे नवऱ्यावर. सोफा तिथे आहे, विश्वास ठेवा." आणि तिने ठेवला. सरळ मागे पडायची, बघणारा खुर्चीतून अर्धा उठायचा.

भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग होता. त्या दिवशी माईंच्या शेजारी पुण्याहून आलेले त्यांचे धाकटे भाऊ नाना. या नानांनी नात्यात सगळीकडे पत्रं घातली होती, की पेठ्यांची सून नाटकात काम करते, आक्काला घर आवरेनासं झालंय. माईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाना, नीट बघ. माझ्या सुनेला बोट लागलेलं दिसलं, तर ह्या मंडळींसमोर मी नाटक बंद करीन. आजचं नव्हे, कायमचं."

नाना म्हणाले, "बघतो की."

सुधाताईने हे विंगेतून ऐकलं. कोयंडेजवळ आली, म्हणजे छत्रीभर अंतरावर, आणि म्हणाली, "कोयंडे, आज काहीही झालं तरी पुढे येऊ नका. मी पडले, धडपडले, काहीही. मला अजून नाटकं करायची आहेत."

कोयंडेने मान हलवली.

पहिले दोन अंक उत्तम झाले. इंटरव्हलमध्ये मगनभाई आला. चेहरा पाडून.

"बापूभाई, कस्टमर खडा है. लगन का घर है. सोफा आज ही मांगता है."

अट म्हणजे अट. त्या हॉलच्या मागच्या दारातून सोफा मावत नव्हता. मगनभाईच्या दोन माणसांनी सोफा उचलला आणि प्रेक्षकांमधून, माईंच्या पुढूनच नेला. माईंनी पाय वर घेऊन वाट दिली.

बापू पॅकिंग खात्यातला, त्यामुळे त्याच्याकडे उपाय तयार होता. आग्नेलच्या टेम्पोत कंपनीची रिकामी खोकी पडलेली होती. ती एकाला एक लावली, वर सोफ्याचीच मरून रंगाची चादर टाकली. समोरून बघाल तर तोच सोफा! "फक्त दिसायला आहे. कुणी बसायचं नाही," बापूने सगळ्यांना बजावलं. "सुधाताईंना सांगा, आज खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसायचं."

सुधाताई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, शाळेच्या प्रयोगशाळेत साडी बदलत होती. बापूला वाटलं, भाऊंनी सांगितलं. मला वाटलं, कोयंडेने सांगितलं. कोयंडेला वाटलं, ही बाई टेलिफोन ऑपरेटर, हिला सगळ्यांच्या आधी कळलं असेल.

पडदा वर गेला.

मी विंगेत, हातात स्क्रिप्ट. माझ्या बाजूने चादर तोकडी पडली होती. खोक्यावरचं छापील वाक्य मला स्वच्छ दिसत होतं : "नाजूक माल. सांभाळून हाताळा." कोयंडेने अपराध कबूल केला. सुधाताईचा चेहरा पांढरा पडला. तिने एक पाऊल मागे टाकलं. खुर्ची उजवीकडे होती, ती सरळ मागे चाललेली. दुसरं पाऊल. मला कळलं की हिला कुणीच सांगितलेलं नाही!

मी हळूच ओरडलो, "खुर्ची! खुर्ची!" पण त्या अंकात ती माझ्याकडे बघणार नव्हती. डोळे नवऱ्यावर, हे बापूचंच शिकवणं.

कोयंडेलाही कळलं. त्याचा हात वर आला आणि तिथेच थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या स्क्रिप्टमध्ये याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. त्याने समोर बघितलं. माई ताठ बसलेल्या. शेजारी नाना, मान पुढे काढून. मांडीवर छत्री.

सुधाताईने डोळे मिटले आणि विश्वासाने मागे झोकून दिलं.

"अरे मेल्या, धर तिला!"

सगळा हॉल दचकला. कोयंडेने अशी झेप घेतली की त्याच्या सुटाची शिवण उसवल्याचा आवाज मला विंगेत आला. सुधाताई खोक्यांपासून वीतभर वर, कोयंडेच्या दोन्ही हातांवर.

सुधाताईने डोळे उघडले, कोयंडेचा चेहरा एवढ्या जवळ पहिल्यांदाच बघितला आणि पुन्हा मिटून घेतले. आता पुढचं लांबलचक वाक्य कोयंडेचं. पण तो वाक्य कुठलं म्हणतोय! तो घामाघूम. शेवटी प्रेक्षकांकडे वळून, अगदी काकुळतीला येऊन म्हणाला,

"माई, सोडू कुठे? खाली खोकी आहेत!"

माई उठल्या. नाना म्हणाले, "आक्का, अगं कुठे निघालीस?"

"ही धर," माईंनी छत्री त्यांच्या हातात दिली. आपली खुर्ची घडी करून काखेत मारली, बाजूच्या पायऱ्यांनी स्टेजवर चढल्या, खोकी पायाने बाजूला सारली आणि खुर्ची उघडून ठेवली. कोयंडेने सुधाताईला तिच्यावर बसवलं. माईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, पदर नीट केला आणि तिच्या मागे उभ्या राहिल्या.

कोयंडेला आता कुठे भान आलं. पुढचं वाक्य त्याला खिडकीजवळून म्हणायचं होतं, बापूने तसंच बसवलेलं. हात झटकत, सवयीने, तो एकेक पाऊल मागे खिडकीकडे सरकायला लागला.

माईंनी त्याच्याकडे बघितलं.

"तिकडे कुठे चाललास? बायको इकडे आहे तुझी."